‘ते काही इंजिनिअरिंग नाही’ हे वाक्य आधी खोड

‘ताई, मी यावल तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीने जळगावला कॉलेजला येते. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चाकणच्या एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीत उन्हाळी इंटर्नशिपसाठी ऑनलाइन परीक्षा दिली होती, त्यात नाव आलं. येत्या मंगळवारी सकाळी अकराला व्हिडिओवर इंटरव्ह्यू आहे. निवड झाली तर जूनपासून आठ आठवडे. रेझ्युमेत दाखवायला एक मिनी प्रोजेक्ट आहे, सोलर ड्रायरचा, पण तो आम्ही चौघांनी विकत आणलेला. इंग्रजी बोलायला लागले की घसा कोरडा पडतो. मराठी बोलले तरी “केळी”चं “केयी” होतं आणि वर्गातल्या मुली हसतात. घरची अडीच एकर केळी आहे. आबांचा गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं ठिबक मीच बघते, पण ते काही इंजिनिअरिंग नाही. आबा म्हणतात, मिळणारे पैसे खोलीभाड्यातच जाणार. आखाजीला आलेली आत्या म्हणाली, तिथे पोरींना नुसते झेरॉक्स काढायला लावतात. जाऊ का? आणि गेले तर तिथे वागू कसं?’

पोरी, तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू मधेच कुठेतरी लिहिलंस आणि लिहिता लिहिता पुसूनही टाकलंस. ‘ठिबक मीच बघते, पण ते काही इंजिनिअरिंग नाही.’ मी सत्तावीस वर्षं कारखान्यांच्या क्वालिटी विभागात काढली आणि त्यातल्या बऱ्याच उन्हाळ्यांत इंटर्नशिपला आलेल्या पोरापोरींच्या मुलाखती घेतल्या. माहेर माझं रावेरकडचं. वावर आणि कारखाना, दोन्ही पाहिलेली बाई म्हणून सांगते, ते इंजिनिअरिंगच आहे. तुझ्या त्या विकतच्या ड्रायरपेक्षा कितीतरी खरं.

कागद घे आणि माझ्याबरोबर हिशेब कर. ५ बाय ५ फुटांवर केळी लावली तर एकरी १७४२ झाडं बसतात. अडीच एकरांत साधारण ४३५०. एका झाडाला ताशी ४ लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे नळीवरची थेंब सोडणारी तोंडं, धरली, तर सगळं वावर एकदम चालवायला तासाला जवळजवळ ३५ हजार लिटर पाणी लागेल. पाच एचपीच्या मोटारीला ते झेपायचं नाही, म्हणून व्हॉल्व्ह टाकून वावराचे भाग पाडलेले असतात. तुमच्याकडेही असतील. ते भाग आबांनी पाडले असतील किंवा ठिबक बसवायला आलेल्या माणसाने. पण का पाडले, हे चार ओळींत सांगता आलं तर तुला पाण्याचा प्रवाह, पंपाची ताकद आणि मागणी यांची सांगड घालता येते, एवढं समोरच्याला कळतं. तो तेच शोधत असतो.

आता पुढे चल. शेवटच्या ओळींतल्या झाडांना पाणी कमी पडतंय हे मे महिन्यात पानं बघूनच कळतं. तेव्हा तू काय करतेस? फिल्टरच्या अलीकडचा दाबाचा गेज बघतेस, पलीकडचा बघतेस. दोघांत अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक दिसला की फिल्टर उघडून जाळी धुतेस, त्यात शेवाळ अडकलेलं असतं. तरी पाणी कमीच आलं, तर नळ्यांची शेवटची बुचं काढून गढूळ पाणी वाहून जाऊ देतेस. मग एखादा ड्रिपर काढून बघतेस, त्याच्या तोंडाशी पांढरा क्षार बसलेला असतो, म्हणजे ॲसिड सोडायची वेळ झाली. ही जी चाल आहे, मोटारीपासून निघायचं, एकेक ठिकाणी मोजायचं आणि बिघाड कोणत्या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे ते पकडायचं, ती कारखान्यात नवीन माणसाला शिकवायला आम्हाला महिने लागायचे. तू ती आबांच्या मागे फिरून शिकलीस.

म्हणून एक काम कर. उद्या पहाटे ठिबक चालू असताना मोजमापाचं भांडं घेऊन वावरात जा. पहिल्या ओळीतल्या एका ड्रिपरखाली आणि शेवटच्या ओळीतल्या एका ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं ठेव. ४ लिटरचा ड्रिपर नीट चालत असेल तर भांड्यात १ लिटर पाणी जमतं. शेवटी किती जमलं ते वहीत लिही. दोन्हीकडचा दाब कळत असेल तर तोही लिही. साध्या ड्रिपरमधून येणारं पाणी साधारण दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, म्हणजे दाब निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, साधारण ७० टक्के राहतं. तुझं मोजमाप या नियमाशी जुळतं का बघ. जुळलं नाही तर जास्त चांगलं, कारण मग ते का जुळलं नाही यावर बोलायला तुझ्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

आणखी एक गोष्ट स्टार्टरपाशी उभी राहून बघ. आबांना सोबत घे. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा थोडा बंद करत गेलं की ॲमीटरचा काटा खाली येतो. बऱ्याच मुलांना वाटतं, व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे मोटारीवर ताण वाढला, करंट वाढणार. सेंट्रिफ्युगल पंपाचं तसं नसतं. पाणी कमी उचललं जातं, मोटारीला काम कमी पडतं, करंट उतरतो. हा प्रश्न मी कितीतरी मुलांना विचारला आहे आणि पुस्तकातलं समीकरण पाठ असलेली मुलंही त्यावर अडखळली आहेत. ज्याने काटा खाली येताना पाहिला, तो अडखळत नाही. फक्त व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून मोटार चालू ठेवू नकोस, आतलं पाणी तापतं.

हे सगळं मंगळवारी कसं सांगायचं? ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणाले की नाव, गाव, कॉलेज दोन वाक्यांत संपव आणि तिसऱ्या वाक्यात वावरात शिर. घरी अडीच एकर केळी आहे, दोन वर्षं ठिबक माझ्याकडे आहे, गेल्या आठवड्यात शेवटच्या ओळीत पाणी कमी येतंय का ते मोजलं, एवढं आलं. इथे थांब. समोरचा माणूस पुढे विचारणारच, आणि तो जे विचारेल ते तुझ्या वावरातलं असेल. मुलाखतीत प्रश्न कोणत्या दिशेने जाणार हे बरंचसं आपण काय पुढे केलं त्यावर ठरतं. तू सोलर ड्रायर पुढे केलास तर प्रश्न ड्रायरवर येतील. पहिलाच येईल: काच किती जाडीची घेतली, आणि का? दुसरा येईल: पहिल्यांदा चालवला तेव्हा काय बिघडलं? विकत आणलेल्या प्रोजेक्टमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, तिथेच पितळ उघडं पडतं.

तेव्हा तो ड्रायर रेझ्युमेतून काढून टाक. रेझ्युमे आधीच पाठवलेला असेल आणि त्यात तो असेल, तर विचारल्यावर सरळ सांग की तो आम्ही तयार आणला होता, मी त्यातलं एवढं एवढं समजून घेतलं आहे. तुझे मार्क त्याने कमी होतील असं तुला वाटेल. एका मुलाने मला असं सांगितलं होतं आणि आम्ही त्याला घेतलं होतं, कारण उरलेल्या मुलाखतीत तो जे बोलला त्यावर मला विश्वास ठेवता आला. पण जमलं तर या आठवड्यात तो ड्रायर प्रत्यक्ष उन्हात ठेव, आपल्याकडे मे महिन्यात उन्हाला काय तोटा! आत थर्मामीटर ठेव, तासातासाला तापमान लिही, केळीच्या चकत्यांचं वजन सकाळी आणि संध्याकाळी कर. मग तो थोडा तुझा होईल.

पुस्तकी तयारीचं तुझे शिक्षक सांगतीलच. मी एवढंच म्हणेन, गाड्यांच्या कंपनीत जायचं आहे तर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताला सरावाचे असू देत, लिमिट्स-फिट्स-टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, पक्कं असू दे, आणि त्या कारखान्यात नेमकं काय बनतं ते माहीत असू दे. चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन असे अनेक कारखाने आहेत. कुठे दुचाकी बनते, कुठे मोटार, हेही न बघता आलेले उमेदवार मी पाहिलेत आणि मला ते खटकतं.

येत नसलेला प्रश्न आला तर गप्प बसू नकोस. ‘हे मला माहीत नाही, पण विचार करून सांगू का?’ म्हण, आणि मोठ्याने विचार कर. चुकलीस तरी चालेल. इंटर्नला सगळं येतं असं कोणीच धरत नाही. आठ आठवड्यांत हिला शिकवता येईल का, एवढंच आम्ही बघतो.

इंग्रजीचं बोलू. सुरुवातीची तीन-चार वाक्यं इंग्रजीत घोटून ठेव, आरशासमोर नको, मैत्रिणीसमोर म्हण. तांत्रिक भाग समजावताना अडलीस तर विचार, ‘हे मी हिंदीत किंवा मराठीत सांगितलं तर चालेल का?’ बहुतेक चालतं. कारखान्याच्या मशीनपाशी मराठी आणि हिंदीच चालते. इंग्रजी लागतं ते मेल लिहायला आणि रिपोर्टला, आणि ते आठ आठवड्यांत सुधारतं. आणि ‘केयी’? जिच्या नावाने आज आपलं विद्यापीठ ओळखलं जातं, त्या आसोद्याच्या बहिणाबाईची भाषा हीच होती. तुझ्या तोंडून ‘केयी’ निघालं म्हणून कोणी हसलं तर हसू दे, तू पुढचं वाक्य पूर्ण कर. मी सत्तावीस वर्षं ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही बोलत काम केलं. माझ्या मोजमापात त्याने एका मायक्रॉनचाही फरक पडला नाही.

आबांना पुढचा भाग वाचून दाखव. आबा, पैशाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, आठ आठवड्यांनी पोरगी घरी पैसे घेऊन येणार नाही. पण जाऊन पदरचे किती जातील ते आधी काढता येतं. निवड झाली की कंपनीच्या एचआरला तिने तीन गोष्टी विचारायच्या: स्टायपेंड किती आणि कोणत्या तारखेला जमा होतो, कँटीनचं जेवण मिळतं का, कंपनीची बस कुठल्या भागातून सुटते. बस आणि जेवण मिळालं तर खर्चाचा मोठा भाग उतरतो. खोली त्या बसच्या रस्त्यावरच बघायची, स्वस्त म्हणून लांब घेतली तर रिक्षातच पैसे जातात. उरलेला तुटीचा आकडा कागदावर लिहा आणि मग ठरवा. केळी लावल्यावर वर्षभर आपण पाणी, खत, मजुरी घालतच असतो, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत हाती काय आलं असं तुम्ही तरी विचारता का? आणि एक जपा. इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून कोणी डिपॉझिट, ट्रेनिंग फी, युनिफॉर्मचे आगाऊ पैसे मागितले, तर ती फसवणूक समजा. चांगली कंपनी इंटर्नकडून पैसे घेत नाही.

आईच्या काळजीचं तू लिहिलं नाहीस, पण ती असणारच. भुसावळ-जळगावहून पुण्याला रात्रीच्या गाड्या आहेत. पहिल्यांदा कोणीतरी सोबत जा, खोली बघा, तिथे राहणाऱ्या दोन मुलींशी बोला. आणि हे तुम्ही दोघींनी माहीत करून घ्या: कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नलाही लागू आहे, त्यात प्रशिक्षणार्थी येतात. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. समितीतल्या लोकांची नावं कंपनीत फलकावर लावलेली असतात. पहिल्या आठवड्यात तो फलक शोध आणि नावं वहीत उतरवून घे. गरज पडू नये, पण शोधायची वेळ तेव्हा येऊ नये.

आता तिथे वागायचं कसं. आठ आठवडे ऐकायला बरेच वाटतात. पहिला आठवडा गेट पास, मेडिकल, सुरक्षेचं प्रशिक्षण, कॉम्प्युटरचा लॉगिन यात जातो. शेवटचा आठवडा प्रेझेंटेशनमध्ये. हातात सहा उरतात. तुला नेमून दिलेला इंजिनिअर स्वतःच्या कामात बुडालेला असेल, तो तुला टाळत नसतो, त्याला खरोखर वेळ नसतो. आत्याचं झेरॉक्सचं म्हणणं इथूनच येतं. जी मुलं ‘सर काही काम सांगा’ म्हणत कोपऱ्यात बसून राहतात त्यांच्या वाट्याला झेरॉक्स येतात. तू दुसऱ्या आठवड्याच्या आत एका पानावर लिहून त्याच्यापुढे ठेव: हा प्रश्न, हे मी मोजणार, हे या तारखेपर्यंत दाखवणार, बरोबर आहे का? तो दोन ठिकाणी खोडेल. खोडलेलं पान जपून ठेव, तुझं खरं काम तेच. रोज ठरावीक दहा मिनिटं माग, जेवणाआधीची किंवा शिफ्ट संपतानाची, आणि दिवसभराचे प्रश्न साठवून तेव्हा विचार.

मशीनवरच्या माणसांकडून तू सगळ्यात जास्त शिकशील. वीस-वीस वर्षं एका मशीनवर उभा असलेला माणूस आवाजावरून सांगतो की टूल गेलं. त्यांना दादा म्हण, वयाने मोठे असतील तर मामा किंवा काका म्हण, आणि आल्यावर आधी नमस्कार कर. एक चूक बहुतेक सगळे इंटर्न करतात, ती तू करू नकोस. हातात स्टॉपवॉच घेऊन न सांगता कोणाच्या मागे उभी राहू नकोस. एक नग बनायला किती वेळ लागतो हे मोजायला आलेली मुलगी म्हणजे उद्या माणसं कमी करायचा बेत, असं त्यांना वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. त्यांनी तसं घडताना पाहिलेलं असतं. आधी जाऊन सांग, मी कोण, काय मोजतेय, कशासाठी, आणि मोजून झालं की आकडे त्यांना आधी दाखव. ‘ताई, हा आकडा चुकतोय, मधे ट्रॉली यायची वाट बघावी लागते ती धरा,’ असं कोणीतरी म्हणेल. त्या ट्रॉलीतच तुझ्या प्रोजेक्टचं उत्तर सापडण्याची शक्यता बरीच.

बिघाड शोधायला लागलीस की ठिबक आठव. शेवटच्या टोकाला नग नापास होतात म्हणून शेवटच्या मशीनला दोष देऊ नकोस. कच्चा माल येतो तिथपासून चालत ये, प्रत्येक टप्प्यावर मोज.

आणि मोजण्याआधी शून्य तपास. हे मी का सांगते ते ऐक. प्रशिक्षणार्थी असताना एका कारखान्यात मी दिवसभर बसून पिनांचे व्यास मोजले, चारशेच्या आसपास. संध्याकाळी सहाला मायक्रोमीटर पुसून ठेवताना दिसलं की मिटवल्यावर तो शून्यावर येतच नाही, दोन शतांश मिलिमीटरचा फरक आहे. सकाळी तपासायचं राहिलं होतं. मी घाबरले. कोणाला न बोलता खोलीवर गेले, रात्रभर झोप नाही, आणि सकाळी आठला साहेबांना सांगितलं. तोपर्यंत माल निघून गेला होता. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘काल सहाला सांगितलं असतं तर गाडी गेटवर थांबवता आली असती.’ ते चौदा तास मला आजही आठवतात. तुझ्याकडून चूक होईल, नक्की होईल. कळल्या क्षणी जाऊन सांग, फोन नाही उचलला तर केबिनमध्ये जा, मीटिंग चालू असेल तर दार वाजव.

बारीकसारीक पण पाळायलाच हवं असं थोडं. सेफ्टी शूज मापाचे घे, एक नंबर मोठे घेऊन चालत नाही. केस बांधलेले, ओढणी नको, आणि फिरत्या मशीनजवळ हातमोजे नकोत, हातमोजा अडकला की हात ओढला जातो. मशीनपाशी फोटो काढू नकोस, घरच्या ग्रुपवर टाकायलाही नको. कॉलेजच्या रिपोर्टमध्ये कंपनीचं ड्रॉइंग किंवा आकडे टाकायचे असतील तर आधी तो कंपनीला वाचायला दे आणि लेखी परवानगी घे.

शेवटच्या प्रेझेंटेशनमध्ये सुधारणा कमी झाली असेल तर कमीच सांग. तीन गोष्टी करून बघितल्या, दोन चालल्या नाहीत, का चालल्या नाहीत ते हे, असं सांगणारा इंटर्न लक्षात राहतो. काही कंपन्या त्यावरून पुढच्या वर्षीची नोकरी देऊ करतात, पण त्यांच्याकडे जागा असेल तरच, तेव्हा त्या आशेवर बाकीच्या कंपन्यांची तयारी सोडू नकोस. निघताना सर्टिफिकेटबरोबर तुझ्या इंजिनिअरचा ईमेल घे आणि दिवाळीला दोन ओळी लिही, त्या सुचवलेल्या बदलाचं पुढे काय झालं ते विचारायला.

तर जा. आणि मंगळवारसाठी एवढं कर. तुमच्या गावात सकाळी अकराला लाईटचा भरवसा नसेल, तर सोमवारी संध्याकाळीच जळगावला एखाद्या मैत्रिणीच्या खोलीवर जा. फोन पूर्ण चार्ज, दुसऱ्याच्या सिमचा हॉटस्पॉट तयार, पाठीमागे साधी भिंत. समोर कोरा कागद आणि पेन ठेव, पंपाची आकृती काढून कॅमेऱ्याला दाखवायची वेळ येऊ शकते. आणि निघण्याआधी वावरातून क्षार बसलेला एक ड्रिपर काढून पिशवीत टाक. तो धुऊ नकोस.